मोठ्याला मोठं म्हणताना

आमच्या गोंदियात लहान असं काही घडतच नाही. गल्लीतल्या पोरांचा कबड्डीचा सामना असला तरी फ्लेक्सवर तो भव्य असतो. देवीचं जागरण विशाल असतं, साड्यांचा सेल महा असतो. झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात करत फिरणारी गाडी भोंग्यातून प्रचंड, तुफान, अफाट असे शब्द रस्त्यावर सांडत जाते आणि तिच्या मागून कुत्री भुंकत राहतात. मला या सगळ्याचा राग येतो. राग मला तसाही लवकर येतो, पण शब्दांची उधळपट्टी पाहिली की जरा जास्तच येतो.

मी शहरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. राहायला फुलचूरला आहे. निवृत्ती जवळ आली आहे आणि इतक्या वर्षांत आठवीला समानार्थी शब्द किती वेळा शिकवले, ते मलाही सांगता येणार नाही. त्यात सगळ्यात रंगायचा तो मोठेपणाच्या विशेषणांचा तास. बिग, लार्ज, ह्यूज, इनॉर्मस, मॅसिव्ह, व्हास्ट, इमेन्स, जायगँटिक असे शब्द फळ्यावर एकाखाली एक उतरायला लागले की मागच्या बाकावरून एक आवाज ठरलेला असायचा. "मॅडम, सब का मतलब तो बड़ाच है ना? फिर इतने कायको?"

मग मी सांगायची की मोठेपणाच्याही जाती असतात. पसरलेल्या मोठेपणाला व्हास्ट म्हणायचं, म्हणून तो तलावाला आणि माळरानाला शोभतो. वजनाच्या मोठेपणाला मॅसिव्ह. उंच वाढलेल्याला टॉल, त्याला उगाच बिग म्हणून खाली खेचायचं नाही. पाहून आपण दचकतो तो इनॉर्मस. ज्याचा अंदाजच बांधता येत नाही तो इमेन्स. आणि कोलॉसल हा शब्द ठेवणीतला, जन्मात दोनतीनदा वापरला तरी पुष्कळ. पोरं माना डोलवायची आणि पुढच्याच निबंधात समोशाला जायगँटिक लिहून द्यायची.

हे सगळं मला आठवतं आहे ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे. तिला हेच शब्द शिकवायची वेळ माझ्यावर आली, आणि माझ्या वर्गातल्या पोरांचं दुखणं होतं त्याच्या बरोबर उलटं तिचं निघालं.

बहीण दिली आहे केशोरीकडच्या एका गावात. धानाची शेती, दोन बैल होते ते जाऊन आता ट्रॅक्टर, नवरा कमी बोलणारा आणि भला. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा बाहेर शिकतो. गावाच्या पुढे जंगल लागतं आणि नवेगावच्या बाजूला सफारीचं गेट आहे. आसपासच्या गावांतल्या बायकांना गाईड म्हणून घेणार आहेत, असं तिला कळलं आणि तिनं कुणाला न विचारता नाव दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं केलं असावं. सासूनं विचारलं की जंगल काय पाहायचं, रोजचंच तर आहे. नवरा म्हणाला, जाऊ दे. तेवढंच तो म्हणाला, पण तेवढं पुरलं.

प्रशिक्षण झालं. पक्षी, झाडं, पायाचे ठसे, पाहुण्यांशी वागायचं कसं, सगळं झालं. शेवटी एक फेरी होती. वनखात्याचे साहेब गाडीत बसणार, दोनतीन पाहुणे बसणार आणि गाईडनं सगळं दाखवत न्यायचं, मधूनमधून इंग्रजीतही सांगायचं, कारण इथे बाहेरची माणसं पुष्कळ येतात. त्या फेरीत जमलं तर काम, नाही तर नाही. पुन्हा कधी घेतील याचा कुणाला पत्ता नव्हता.

तिनं मला फोन केला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. "बाई, मले इंग्रजी सांग. माह्या कामापुरतं सांग." मी म्हटलं, बाकी सगळं येतंय तर एवढी घाबरतेस कशाला, आणि नाही झालं तर नाही, घरी काय कमी आहे. त्यावर ती म्हणाली, "पूऱ्या गावात मी कोनाची तरी बायको आहो, नाईतं कोनाची तरी माय आहो. गेटवर गेली तं 'गाईडले बलवा' म्हनतीन. मले ते आयकाचं आहे."

त्यानंतर मी घरात काय कमी आहे ते विचारलं नाही.

शिकवणी व्हॉट्सॅपवर झाली. मी आवाज भरून पाठवायची आणि ती चुलीपुढे, बांधावर, म्हशीपाशी ते ऐकायची. तिच्याकडून परत येणाऱ्या आवाजात मागे कोंबड्या असायच्या. वाक्यांची भीती तिला वाटायची, पण शब्द भराभर पाठ व्हायचे. लहानपणीही असंच होतं, कविता तिला आधी यायची, फक्त तिला कुणी विचारायचं नाही. मी म्हटलं, तुझ्या जंगलात सगळं मोठंच आहे, तेव्हा मोठेपणाचे शब्द आधी घे. तलाव व्हास्ट, रानगवा मॅसिव्ह, सारस टॉल, जुना अर्जुन ह्यूज. तिनं ते असे घोटले की मी नुसतं 'रानगवा' म्हणायचा अवकाश, पलीकडून मॅसिव्ह, इनॉर्मस, हेवी अशी रांग लागायची. मी खूश होते. असा विद्यार्थी मला आठवीत मिळाला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. गाडीनं सौंदड मागे टाकलं की दोन्ही बाजूंना धानच धान. हलका धान कापून झाला होता आणि शेतात पेंढ्या रचून पुंजणे उभे केले होते. त्या वर्षी पिकानं मनापासून दिलं होतं. तिच्या शेतातला पुंजणा तर घराएवढा दिसत होता. संध्याकाळी आम्ही दोघी बांधावर उभ्या होतो. मास्तरीण सुट्टीवर असली तरी मास्तरीणच राहते. मी पुंजण्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, सांग याच्याबद्दल, पाहुण्यांना सांगशील तसं.

ती म्हणाली, "धिस इज राईस. स्मॉल."

मला वाटलं शब्दांची अदलाबदल झाली. पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा स्मॉल म्हटलं आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवेगावच्या तलावावर गेलो. पलीकडचा काठ धूसर दिसत होता, डोंगर पाण्यात उतरले होते. फोनवर ज्या बाईनं मला व्हास्ट शब्द वीस तऱ्हांनी म्हणून दाखवला होता, ती त्या पाण्याकडे पाहून म्हणाली, नाईस लेक. अर्जुनाच्या झाडापाशी गेलो, ज्याला आमच्या दोघींच्या हातांची कवळ पुरली नाही, तर म्हणाली, ओल्ड ट्री. मला आता राग यायला लागला. घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता मी तिला झापलं. फोनवर सगळं येतं आणि वस्तू समोर आली की दातखीळ बसते, साहेबांपुढे काय करणार आहेस, 'हे झाड जुनं आहे' एवढं सांगायला गाईड कशाला पाहिजे. "शब्द येतेत तुले. मंग कायले लहान म्हनून राहिली?" असं माझ्या तोंडून गावच्या बोलीत निघालं. तसं मी चिडल्याशिवाय बोलत नाही.

तिनं चहात साखर घातली, ढवळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली की समोर असलेल्या वस्तूला मोठं म्हणायचं नसतं, तुला माहीत नाही का.

मला माहीत होतं. मी विसरले होते, इतकंच. आमच्या माहेरी धान चुरून मळणी झाली आणि खळ्यावर रास लागली की त्या राशीला मोठी म्हणायची बंदी होती. पहिलं माप टाकताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. एकदा मी राशीवर नाचत 'केवढी मोठी' म्हणून ओरडले तेव्हा आईनं दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. बाळ गुटगुटीत असलं तर रोडावलं म्हणायचं. म्हशीनं जास्त दूध दिलं तर कुणी विचारल्यावर बरं आहे म्हणायचं. जे भरलं आहे, वाढलं आहे, त्याचं नाव मोठ्यानं घेतलं की नजर लागते. मी शिकायला शहरात आले आणि भव्य, विशाल, महाच्या गावात राहून हे सगळं माझ्या अंगावरून धुऊन निघालं. ती मात्र एका खळ्यावरून उठून दुसऱ्या खळ्यावर गेली होती.

कारण कळल्यावर मला वाटलं, आता सोपं आहे. मी तिला समजावलं की अगं, तू मराठीत कुठे म्हणणार आहेस, इंग्रजीत म्हणायचं आहे, आपल्याकडच्या नजरेला इंग्रजी येत नाही. या युक्तिवादावर मी स्वतःच खूश होते.

"दगडाले कोनती भासा येते?" ती म्हणाली. "तरी डोक्याले लागतेच ना."

फोनवर जमत होतं, कारण तिथे समोर काही नव्हतं. पाठांतराला नजर लागत नाही. मी मग दुसरे उपाय काढले. म्हटलं, विशेषण राहू दे, वजन सांग, किलोत सांग. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की मीच ओशाळले. मोजणं तर म्हणण्याहून वाईट. मी चिडून म्हटलं की तू शाळा शिकलेली, तुझी मुलगी नर्स, तुला हे शोभतं का. हे म्हटलं तेव्हाच मला कळत होतं की मी वाद हरते आहे, कारण शोभण्याची गोष्ट माणूस शेवटी काढतो.

तेव्हा तिनं मला एक गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, रानगव्याची एक मादी पिल्लू घेऊन यायची. गावातल्या बायका तिला बघायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. एक दिवस गाडीतून माणसं उतरली, फोटो काढले, केवढी मोठी, केवढी मोठी म्हणून खूप आरडाओरडा केला. थोड्या दिवसांनी ती मादी नाल्यात मेलेली सापडली. पिल्लू तिच्याजवळ उभं होतं आणि माणसं आली तरी हलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले आजार होता. बहिणीचाही डॉक्टरांवर विश्वास होता, ती काही अडाणी नाही.

"मी म्हटलं म्हनून मरते असं नाई, बाई," ती म्हणाली. "पन मी म्हटलं अन् ते मेलं, तं मंग मी काय करू?"

रोज गाडीत बसून, रोज नव्या माणसांना बोट दाखवून, ज्या जनावरांमध्ये ती वाढली त्यांना रोज मोठं म्हणायचं आणि मग रात्री झोपायचं, हे तिला जमणार नव्हतं. आणि मोठं म्हटल्याशिवाय ते काम मिळणार नव्हतं. मी परत फुलचूरला आले तेव्हा गाडीत सगळा वेळ तिचाच विचार करत होते. राग गेला होता. वाईट वाटत होतं, आणि काहीच सुचत नव्हतं. एकदा वाटलं फोन करून सांगावं की नको जाऊस. पण 'मले ते आयकाचं आहे' हे तिचं वाक्य आठवलं आणि फोन ठेवून दिला. आवाज पाठवणं मात्र चालू ठेवलं. तीही शब्द परत पाठवत राहिली. दोघींनाही माहीत होतं की अडचण शब्दांची नाही.

फेरी थंडीत ठरली. पाहुणे म्हणून ओळखीची माणसं बसली तरी चालतील, असं गाईड होणाऱ्या बायकांना सांगितलं होतं, म्हणून मी गेले. गाडीत पुढे साहेब, मधल्या सीटवर रायपूरहून आलेलं एक वयस्क जोडपं, मागे मी. साहेब तरुण होते, पश्चिमेकडचे असावेत, मराठी नीटनेटकं बोलायचे. बहीण चालकाशेजारी उभी होती. हिरवा शर्ट, वेणी घट्ट, डोळ्यांत काजळ. थंडीनं की भीतीनं कोण जाणे, तिचे ओठ पांढरे पडले होते. मी हात हलवला. तिनं पाहिलं नाही.

ठसे तिनं छान दाखवले. अस्वलानं खरवडलेलं वारूळ दाखवलं, सांबराची लोळण दाखवली. रायपूरच्या आजींना मोहाचं झाड आणि येनाचं, म्हणजे ऐनाचं, झाड यांतला फरक इतक्या गोडीनं सांगितला की त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. मग तलाव आला. गाडी थांबली. सगळा काठ मोकळा, धुकं नुकतं उठलेलं.

"धिस इज लेक," ती म्हणाली.

साहेबांनी थोडी वाट पाहिली आणि इंग्रजीत विचारलं, कसा आहे तलाव. ती म्हणाली, गुड लेक. पुढे अर्जुनाचं झाड आलं. ओल्ड ट्री. जोडप्यानं झाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पुढे वाकून हळू आवाजात म्हटलं, "ताई, शब्द अडतात का? पाहुणा इतक्या लांबून येतो, त्याला आपण काय बघतोय ते कळलं पाहिजे." ती मान खाली घालून हो म्हणाली. मी मागे बसून मुठी आवळल्या होत्या. उठून सांगावं असं वाटत होतं की हिला सगळे शब्द येतात, तुमच्या माझ्यापेक्षा जास्त येतात. पण ते सांगून उपयोग नव्हता आणि कारण सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं.

गाडी परत फिरली. निम्म्या वाटेत चालकानं एकदम ब्रेक लावला. डावीकडच्या बांबूतून रानगवा बाहेर आला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

मी त्याआधी एवढा नर कधी पाहिला नव्हता. काळाभोर, खांद्यावर मांसाचा उंचवटा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. तो आमच्याकडे पाहत होता आणि त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. गाडीत कुणी हललं नाही. माझ्या डोक्यात फळ्यावरचे सगळे शब्द एकाच वेळी आले आणि त्यातला एकही मला पुरेसा वाटला नाही.

साहेब पुटपुटले, सांगा ताई.

मी तिच्या पाठीकडे पाहत होते. ती त्या जनावराला खालपासून वरपर्यंत बघत होती. काहीतरी शोधत होती. बाळाला दारात घेऊन जाण्याआधी बाई त्याचं तोंड जसं बघते, तसं बघत होती. मग ती बोलली, आणि आवाज स्वच्छ होता.

"सर, धिस इज इंडियन गौर. मॅसिव्ह अॅनिमल. इनॉर्मस." इथे ती श्वास घ्यायलाही थांबली नाही. "बट लेफ्ट हॉर्न, टिप इज ब्रोकन. अँड वन इअर इज टोर्न."

तेव्हा मी पाहिलं. डाव्या शिंगाचं टोक खरंच उडालेलं होतं. एका कानाची कड फाटली होती. एवढा वेळ ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि मोठेपणापुढे कुणाला दिसलं नव्हतं. आजी हळूच म्हणाल्या, अरे हां, देखो, बेचारे का सींग. आणि त्यांच्या आवाजातला दरारा जाऊन तिथे माया आली.

माझ्या लक्षात आलं की माझ्या बहिणीनं काय केलं. तिनं त्या एवढ्या थोरल्या जनावराला तीट लावली होती. सुंदर बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावून आपण सांगतो की बघा, याच्यातही खोट आहे, याच्यावर नजर टाकण्यासारखं काही नाही. तेवढं केलं की मग बाळाला खुशाल लोकांत न्यायला हरकत नसते. तिच्या मनातली गाठ सुटली होती. जंगलाच्या परवानगीनं ती आता मोठ्याला मोठं म्हणू शकत होती.

रानगवा निघून गेला आणि बहीण सुटलीच. चालकाला सांगून तिनं गाडी पुन्हा अर्जुनाकडे घेतली. ह्यूज ट्री, बट इनसाइड होलो. त्याच्या पोकळीत मधमाश्या राहतात, असं तिनं हिंदीत सांगितलं. पुन्हा तलावावर. व्हास्ट, व्हास्ट लेक, बट दॅट कॉर्नर ड्राय इन समर, तिथून आमच्या गावची म्हातारी माणसं उन्हाळ्यात चालत पलीकडे जायची. एक सारस दिसला तर त्याला टॉल म्हणून लगेच त्याचा आवाज कर्कश असल्याचं सांगून टाकलं. प्रत्येक मोठ्या शब्दामागे एक 'बट' येत होता. साहेब हसायला लागले. गेटवर उतरल्यावर त्यांनी विचारलं की हे 'पण' कशासाठी. तिनं लपवलं नाही. मराठीत सांगितलं, की समोरच्याला नुसतं मोठं म्हटलं तर त्याला बाधतं, म्हणून त्याचं एक उणं सांगून टाकते. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असू द्या. उणं मात्र खरंच असलं पाहिजे, बनवून सांगायचं नाही." ती म्हणाली, "कायले बनवून सांगाचं? सगळ्यातच असते."

तिला काम मिळालं. आता तिची पाळी असते, गेटवर तिच्या नावानं हाक मारत नाहीत, गाईडला बोलवा म्हणतात. सासूबाई शेजारणीला सांगतात की आमची सून जंगलात बाहेरच्यांना इंग्रजी शिकवते. नवरा अजूनही कमी बोलतो, पण पहाटे तिला गाडीवरून गेटापर्यंत सोडतो.

मी यंदा उन्हाळ्याच्या आधी पुन्हा गेले. या वेळी तिकीट काढून, सरळ पाहुणी म्हणून. गाडीत दक्षिणेकडून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी बेताचं. बहीण भराभर इंग्रजी बोलत होती. काळ चुकत होते, क्रियापदं इकडची तिकडे जात होती, आणि मी तोंड दाबून बसले होते. उतरण्याआधी त्या कुटुंबातल्या बाईंनी माझ्याकडे बघून तिला विचारलं की या कोण.

बहिणीनं वळून माझ्याकडे पाहिलं. त्या फेरीत रानगव्याकडे पाहिलं होतं तसंच पाहिलं, खालपासून वरपर्यंत.

"माय सिस्टर," ती म्हणाली. "ग्रेट टीचर. व्हेरी व्हेरी ग्रेट." आणि लगेच, न थांबता, "बट टू मच अँग्री. अँड कुकिंग इज बॅड."

गाडीतले सगळे हसले. चालकही हसला. एरवी चारचौघांत माझ्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं असतं तर मी तिथल्या तिथे हिशोब चुकता केला असता. पण त्या वेळी मी बाजूच्या झाडांकडे तोंड केलं आणि चष्मा पुसत राहिले. आमच्या घरात मला कुणी कधी शाबास म्हटलं नव्हतं. दहावीला गावात पहिली आले तेव्हा बरं झालं, जेवून घे, एवढंच ऐकलं. नोकरी लागली तेव्हा नीट जात जा. मी आयुष्यभर धरून चालले होते की त्यांना माझ्यात विशेष काही दिसलंच नाही, आणि त्याचा राग मी गावाकडच्या सगळ्यांवर थोडा थोडा वाटून टाकला होता.

माझ्यातही नजर लागण्यासारखं काहीतरी आहे, हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर, त्या उघड्या गाडीत, माझ्या धाकट्या बहिणीकडून कळलं.